रविवारी उघडायचे होते ते डोळे

अहो अप्पा, असं कुणी जातं का? गुरुवारी निरोप पाठवायचा, रविवारी दारात उभं राहून वाट बघायची आणि सोमवारी सकाळी नळावर घागर भरता भरता खाली बसायचं! तुमच्या घरच्या, महादेवीअक्का, सांगत होत्या, घागर निम्मी भरली होती. तुम्ही "थांब गं जरा" म्हणालात, भिंतीला टेकलात आणि संपलं. शेजारची माणसं माग तसाच टाकून धावत आली, पण कशाचं काय! मला शाळेत शिपाई सांगायला आला तेव्हा मी चौथीच्या मुलींना भागाकार शिकवत होते. "बाई, ते छापवाले अप्पा गेले," म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" खरंच सांगते, मी कुठं असंच विचारलं.

आज बुधवार. तिसरा दिवस, आणि मला अजून रडू आलेलं नाही. डोकं नुसतं बधिर झालंय. जेवायला बसते तर घास हातातच राहतो. काल वर्गात एकाच मुलीची हजेरी दोनदा घेतली आणि ती पोरगी दोन्ही वेळा "हजर बाई" म्हणाली. भांडण चालू असताना समोरचा माणूस मधेच उठून गेला तर काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. आणि आपलं भांडण चालू होतं, अप्पा. दिवाळीपासून चालू होतं. म्हणून कागद घेऊन बसले आहे. तुम्हाला फक्त उलटी अक्षरं वाचता येतात असं मी चिडवायची ना तुम्हाला? आता हे सुलटं कसं वाचायचं ते तुमचं तुम्ही बघा.

धंदा काय तुमचा, असं कुणी विचारलं की तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "मेलेल्यांचं डोळं उघडायचा." नवा माणूस दचकायचाच, आणि त्याचं दचकणं बघून तुम्हाला गुदगुल्या व्हायच्या. साखर पेठेतली ती बाहेरची खोली. खिडकीखाली बुटकं मेज, त्यावर वाळू भरलेली चामड्याची उशी, उशीवर तांब्याचा पत्रा. डोळ्याला भिंग लावून तुम्ही कोरणी धरायचात. कोरणी जागेवर राहायची आणि पत्राच हळूहळू फिरायचा. मग रेघांमध्ये शाई भरायची, वरवरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून चरकाच्या दोन रुळांमधून पत्रा काढायचा. कागद उचलला की त्यावर माणूस. तरुणपणी तुम्ही भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून लग्नातल्या तांब्या-पातेल्यांवर नावं घालायचात. "नावावरनं तोंडावर आलो बगा," असं सांगायचात, आणि तेवढंच सांगायचात. कुणी शिकवलं, किती वर्षं घासलीत, कधी पत्ता लागू दिला नाहीत.

आपल्या लोकांत मेलेल्या माणसाला बसवतात, कपाळभर विभूती लावतात, हार घालतात आणि मग फोटोवाल्याला बोलावतात. कितीतरी घरांत तो माणसाचा पहिला फोटो, आणि तोच शेवटचा. आयुष्यभर कुणाला सुचलेलं नसतं. मग दहा-पंधरा दिवसांनी घरच्यांच्या लक्षात येतं की भिंतीवर लावायला जे आहे त्यात डोळे मिटलेले आहेत. रोज सकाळी उदबत्ती कुणापुढे फिरवायची? सोलापूर स्टेशनाकडचे स्टुडिओवाले ब्रशनं डोळे रंगवून द्यायचे, पण ते बाहुलीचे डोळे. पूर्व भागातले विणकर असोत, गिरणीतले कामगार असोत की वळसंगकडचे शेतकरी, ते फोटो घेऊन तुमच्याकडे यायचे. तुम्ही पहिला प्रश्न एकच विचारायचात, "डोळं कुणाकडं गेल्यात?" मग घरच्यांची वादावादी. थोरल्याकडे, नाही, धाकटीकडे. ज्याच्याकडे गेले असतील त्याला खिडकीपाशी स्टुलावर बसवायचं आणि त्याचे डोळे बघून मेलेल्याचे उघडायचे. त्यातही तुमचा नेम होता. सगळा चेहरा आधी पुरा करायचा, डोळे शेवटी, आणि ते कोरताना घरचं माणूस समोर, भिंतीला पाठ लावून बसलेलं पाहिजे. कितीही घाई असली तरी तुम्ही हा नेम मोडला नाहीत.

दुष्काळाच्या साली आई गेली तेव्हा माझे दोघे भाऊ तिचा फोटो घेऊन तुमच्याकडे आले आणि तुमचा तो प्रश्न ऐकून दोघांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तीन रविवार मी त्या स्टुलावर बसले. तुम्ही मला एका खिळ्याकडे बघायला सांगितलंत. "बाई, पापणी हलवू नका. तुमी न्हाय बगत, तुमची आई बगतीया." मला असा राग आला! मी म्हटलं, "माझी आई असं टक लावून कधीच बघत नव्हती. ती एकीकडे भाकरी थापायची आणि एकीकडे माझ्याकडे बघायची." तुम्ही कोरणी खाली ठेवलीत. अक्कांना हाक मारलीत आणि पिठाची परात मागवलीत. बाहेर दोन गिऱ्हाइकं बसलेली, आणि मी, मास्तरीण बाई, स्टुलावर बसून भाकरी थापत खिळ्याकडे बघतेय. अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण अप्पा, त्या छापात आई तशीच आली. हातातलं काम न थांबवता बघणारी.

पहिला छाप मात्र तुम्ही चुकवलात. पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं असतं, तेव्हा कुठं कागदावर सुलटं उमटतं. चाळीस वर्षं हाच धंदा करणारा माणूस, आणि आईच्या गालावरचा तीळ उलटवायचं विसरलात. कागद उचलला तर तीळ भलत्याच गालावर. माझं तोंड सुटलंच. तुम्ही छाप खिडकीच्या उजेडाला धरलात. मग म्हणालात, "बाई, तुमच्या आईनं जल्मभर आरशात सोताला आसंच बगितलं की. ह्यो छाप तिचा. तुमचा उद्या काढतो." दुसऱ्या दिवशी तुम्ही तो तीळ घासून काढलात आणि बरोबर गालावर कोरलात. चुकलेला छाप मी फेकला नाही. तो माझ्या ट्रंकेत आहे, भावांना माहीत नाही.

माझ्या भावांचं तेव्हा एकमेकांशी पटत नव्हतं. घर वाटलं, भांडी वाटली, पण आई कशी वाटणार? तुम्ही दोघांना दोन छाप दिलेत. थोरल्यानं धाकट्याचा छाप मागवून घेतला आणि आपल्याशेजारी ठेवून तपासला, की त्याच्या आईत माझ्या आईपेक्षा एखादी रेघ जास्त तर नाही! "हेच्यासाठी तर पत्रा आसतोय," तुम्ही मला नंतर म्हणालात. "फोटो एकाकडं ऱ्हातो आन् बाकीचं भांडत बसत्यात. छाप समद्यांना सारका." आणि छाप पोरांना दिले की पत्रा तुम्ही लेकीला द्यायचात. हा नेम तुम्हीच काढलेला. कुणी विचारलं तर म्हणायचात, लेकीला दुसरं कोण काय देतंय? आईचा पत्रा तिच्याच इरकली लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मी घरी आणला. त्या दिवसापासून तुमच्या घरी रविवारी यायची मला सवयच लागली.

किती भांडलो आपण! लोक मेलेल्या बाईच्या गळ्यात दागिने घालायला सांगायचे. आयुष्यभर काळ्या पोतीवर राहिलेल्या बाईला छापात पुतळ्यांची माळ, बोरमाळ, कानात बुगड्या. मी म्हणायची, "ही शुद्ध फसवणूक आहे, अप्पा. जिवंतपणी फुटका मणी दिला नाही आणि आता पुतळ्या!" तुम्ही म्हणायचात, "न्हाय दिलं म्हणून तर आता घालत्यात की. घालू द्या. तेवढंच त्येंच्या मनाला." मी चिडून उठायची, अक्का कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवायच्या, मी परत बसायची. पुढे एकदा अक्कांनीच सांगितलं की असले दागिने तुम्ही अगदी हलक्या हातानं कोरता, दहा-पंधरा छापांतच ते पुसट होत जातात आणि चेहरा तेवढा राहतो. मला हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. माझ्या शिव्या खात राहिलात.

आणि मग अक्कलकोट. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या भाचीचं लग्न होतं, त्यांच्या सोप्यात आम्ही बायका बसलो होतो. मी पाणी प्यायला मान वर केली आणि समोरच्या भिंतीवरून आई माझ्याकडे बघत होती. तोंड दुसरं, नाक दुसरं, कपाळावर गोंदलेलं, आणि डोळे माझ्या आईचे. हातातलं काम न थांबवता बघणारे. मी घरच्या सुनेला विचारलं, ह्या कोण? ती म्हणाली, "नम्म अत्ती री, आमच्या सासूबाई. सोलापूरच्या अप्पांनी केलाय की. कसं बगतात नाही?" पुढे करकंबच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात गल्ल्यावर तेच डोळे. इथं सोलापुरातच, माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी, तेच. मी वेड्यासारखी लोकांच्या भिंती बघत हिंडायला लागले, अप्पा. सात घरं सापडली. पत्रा तर माझ्याकडे होता. म्हणजे तुमच्या हाताला ते डोळे पाठ झाले होते. ज्यांच्या घरी डोळे द्यायला कुणी जुळत नव्हतं, त्यांना तुम्ही सरळ माझ्या आईचे लावून टाकत होतात.

दिवाळीच्या आधीचा रविवार. मी चप्पल न काढता आत आले. काय काय बोलले ते तुम्हाला माहीत आहे, पण मला आता ते एकदा परत उच्चारलं पाहिजे. मी म्हणाले, "तुम्ही माझ्या आईला घरोघर कामाला पाठवलंत. भांडी घासायला पाठवावं तसं." तुम्ही नाकबूल झाला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही भिंग काढलंत आणि म्हणालात, "व्हय, तुमच्या आईचंच हायेत. बाई, ज्येंच्याकडं कोण न्हाय, त्येंनी काय करायचं? आंधळंच लावायचं का भितीवर? तुमची आई तितं काय काम करत न्हाय. नुसती बगतीया." तुम्हाला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं! त्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तुम्हाला चोर म्हणाले. शेजारी ऐकत होते, मागाचा खडखडाट थांबला होता, आणि मी तुम्हाला दोनदा चोर म्हणाले. तुम्ही गळ्यातल्या लिंगावर हात ठेवलात आणि म्हणालात, "आता न्हाय लावणार." मी पाठ फिरवली. पाठीमागून तुम्ही "चहा तरी..." म्हणालात, ते मी ऐकलं होतं, अप्पा. ऐकलं नाही असं दाखवलं.

तेव्हापासून अबोला. संक्रांत गेली, महाशिवरात्र गेली. अक्का मंडईत भेटल्या तर मी त्यांच्याशी बोलायची आणि तुमचा विषय निघाला की भाजी निवडायला लागायची. मला वाटायचं, तुम्ही येऊन क्षमा मागाल. तुम्ही कसले येताय! आणि खरं सांगू? राग केव्हाच उतरला होता. रविवारचा दिवस खायला उठायचा. पण एकदा चोर म्हटल्यावर परत कुठल्या तोंडानं यायचं, हे मला कळत नव्हतं. मुलींना मी रोज सांगते, चूक झाली की कबूल करावं. स्वतःवर आलं की बाईंची बोबडी वळते.

मग गेल्या गुरुवारी अक्का शाळेच्या फाटकात उभ्या. "रविवारी बर्री, बाई. तुमी यायलाच पायजे म्हणालेत. एका बाईचं डोळं उघडायचंय." मी विचारलं, "कुणाचे डोळे बघून?" अक्का म्हणाल्या, "मला काय ठावं! तुमी समोर पायजे म्हणालेत." झालं. माझ्या डोक्यात तेच बसलं. म्हटलं, शब्द दिला तो मोडता येईना म्हणून आता परवानगी मागतायत. परत माझ्या आईचे डोळे कुणाला तरी लावायचेत. मी अक्कांना "बघते" म्हणाले. रविवारी सकाळी न्हाले, केसांना तेल लावलं, घडीचं पातळ नेसले. यायचं होतं म्हणूनच नेसले ना! तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलेही. तिथून तुम्ही दिसलात. कपाळावर हात धरून, उन्हात, दारात उभे. रस्त्याकडे बघत होतात. मला ठाऊक होतं तुम्ही कुणाची वाट बघताय. आणि मी काय केलं? कोपऱ्यावरच्या गाड्यावर अर्धा डझन केळी घेतली आणि आल्या वाटेनं परत गेले. म्हटलं, बघू देत वाट. जरा कळू दे. पुढच्या रविवारी जाऊ.

पुढचा रविवार! किती सहज धरून चालतो आपण. सोमवारी दुपारी मी आले तेव्हा तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, विभूती लावली होती, गल्ली माणसांनी भरली होती. फोटोवाला तिकाटणं घेऊन आत शिरला आणि मी बाहेर पडले. मला ते बघवलं नसतं. त्या क्षणी मला दुःख झालं असं म्हणणं खोटं ठरेल. मला कुणीतरी फाडकन तोंडात मारल्यासारखं झालं होतं आणि डोकं नुसतं गरगरत होतं. अजूनही गरगरतंय.

आज शाळा सुटल्यावर अक्कांकडे गेले. त्या आत जमखान्यावर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तितलं कशालाच हात लावला न्हाय, बाई. तुमीच बगा." मी मेजापाशी गेले. वाळूच्या उशीवर पत्रा तसाच होता. पत्र्यावर एक बाई. मधोमध भांग, चापून बसवलेले केस, नाकात चमकी, खांद्यावरच्या पदराचे काठ, हनुवटीखालची घडीसुद्धा. इतकं बारीक काम मी तुमच्या हातचंसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि डोळ्यांच्या जागी काहीच नाही. दोन्हीकडे कोरं तांबं, खिडकीच्या उजेडात नुसतं लखलखणारं.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी अक्कांना म्हणाले, "अक्का, माझे घ्या म्हणावं. माझ्या आईचे घ्या. मी हो म्हणते. त्यांना सांगा, मी हो म्हणते." माझं डोकं फिरलं असंच अक्कांना वाटलं असणार. मग म्हणाल्या, "तुमचं कशाला, बाई? तिच्या आईचं हायेत की."

तेवढ्यात दारात माणसं आली. एक चाळिशीचा विणकर, नरसय्या नावाचा, आणि त्याच्याबरोबर त्याची सासू. म्हातारी तेलुगूच बोलणारी, कानानं बरीच कमी. पत्र्यावरची बाई ही त्याची बायको आणि तिची लेक. माघातल्या तापात गेली. डोळे म्हातारीकडे होते. म्हणजे लेकीला ते तिच्याकडूनच आले होते. तुम्ही त्यांना बुधवारी या म्हणाला होतात, म्हणून ते मागाचा खाडा करून, शहराच्या दुसऱ्या टोकाहून आले होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. अक्कांनी दोन शब्दांत सांगितलं आणि नरसय्या होता तिथंच पायरीवर बसला. "परवा तर बोललो की हो," एवढंच म्हणाला. तीन-चार वेळा तेच म्हणाला.

मी त्याला विचारलं, परवा म्हणजे रविवारी काय झालं? त्यानं सांगितलं, अप्पा. सगळं सांगितलं. "अत्तम्माला, म्हंजी सासूला, स्टुलावर बसविलं. अप्पांनी कोरणी उचलली आन् परत ठिवली. म्हणाले, एक बाई यायच्यात, त्येंच्या देखत उघडायचं हाय. त्येंना बगू दे, म्या आता कुणाचं कुणाला लावत न्हाय. मग दारात जाऊन उबं ऱ्हायले. आमी तासभर बसलो. अत्तम्मा उठली न्हाय तासभर. मग अप्पा आत आले आन् म्हणाले, बुधवारी या. बाई न्हाय आल्या तर म्या सोता शाळेत जाऊन हात जोडून घिऊन येतो."

ऐकलंत? तुम्हाला माझ्याकडून काही नको होतं. तुम्ही मला फक्त बघायला बोलावत होतात. शब्द पाळला म्हणून दाखवायला. आणि एका आईला तासभर स्टुलावर बसवून, दारात उन्हात उभे राहून तुम्ही माझी वाट बघत होतात, तेव्हा मी कोपऱ्यावर केळ्यांचा भाव करत होते. मी चार पावलं पुढे आले असते तर त्या बाईचे डोळे रविवारीच उघडले असते. तुमच्या शेवटच्या कामाचे डोळे माझ्यामुळे मिटलेले राहिले. कसं सांगू तुम्हाला काय वाटतंय ते? शरम वाटते. तुमचा रागही येतो. मेला इतका मान कशाला दिलात मला? द्यायचं होतं उरकून!

मी नरसय्याला म्हणाले, "ती बाई मीच." त्याला बिचाऱ्याला मला बोलता आलं असतं, बोलायला हवं होतं. त्यानं हळूच एवढंच विचारलं, "बाई, गावात दुसरं कोण करतंय का हो हे?" मी नाही म्हणाले. सोलापुरात नाही आणि दुसरीकडे कुठं असेल तर मला माहीत नाही.

आमचं हे बोलणं चाललं होतं तेवढ्यात म्हातारी आपली चप्पल काढून आत गेली होती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिनं खिडकीजवळचं स्टूल ओढलं, बसली, चष्मा काढून पदराच्या टोकात बांधला आणि तुमच्या मेजाकडे तोंड करून ताठ झाली. नरसय्या उठून तिच्याजवळ गेला, वाकला, तिच्या कानाशी तोंड नेऊन तेलुगूत सांगितलं. मग जरा मोठ्यानं परत सांगितलं. तिला कळलं. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला, ते मी बघितलं. पण ती उठली नाही. पापणी न हलवता तशीच बसून राहिली, तुमच्या रिकाम्या जागेकडे बघत. नरसय्या तिला उठवायला धजेना, अक्का धजेनात. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले, जिथं घरच्या माणसानं बसायचं तुम्ही ठरवून दिलंय तिथं. सगळी माणसं आली होती, अप्पा. मीसुद्धा आले होते.